जवानाच्या नावाने फराळ मोजणाऱ्यांना

दिवाळी आली की आमच्या नातलगांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बर्फात उभ्या जवानाचा फोटो येतो. खाली ठरलेला मजकूर: "हे तिकडे उभे आहेत म्हणून तुम्ही इकडे चकल्या खाताय." पाठवणारे अण्णा, माझे साताऱ्याचे आत्येभाऊ. अण्णांचा मुलगा हिंजवडीत कोड लिहितो. माझा मुलगा अमेरिकी लष्करात आहे, कोलोरॅडोत फोर्ट कार्सनला. त्यामुळे मला हा मजकूर जरा जास्तच झोंबतो. सैनिकाचा सण कसा होतो हे ज्याने कधी पाहिलं नाही, त्याने दुसऱ्याच्या ताटातल्या चकल्या मोजू नयेत.

गेल्या थँक्सगिव्हिंगला, म्हणजे इथल्या नोव्हेंबरातल्या मोठ्या सणाला, आम्ही पोराच्या डीफॅकमध्ये, सैनिकांच्या भोजनगृहात, जेवलो. त्या दिवशी घरच्यांनाही येऊ देतात. पैसे भरायचे आणि रांगेत उभं राहायचं. काउंटरपलीकडे बटालियनचे कर्नल ड्रेस ब्लूजवर, म्हणजे निळ्या समारंभी गणवेशावर, ॲप्रन बांधून टर्की वाढत होते. शेजारी सार्जंट मेजर, हातात ग्रेव्हीचा डाव. विशीतली पोरं बिनधास्त "अजून थोडं, सर" म्हणत होती. मध्ये स्वयंपाक्यांनी बर्फात कोरलेला गरुड, बाजूला जिंजरब्रेडची घरं. रताळ्यावर मार्शमेलो हा मला अजूनही आपल्या उपासाचा अपमान वाटतो, पण ते असो.

हे कुणा कर्नलच्या मनात आलं म्हणून होत नाही. 1863 मध्ये लिंकनने थँक्सगिव्हिंग जाहीर केला आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या युनियन लीग क्लबने वर्गणी काढून यादवी युद्धात लढणाऱ्या व्हर्जिनियातल्या फौजेला टर्की धाडल्या. आज ते काम लष्कराच्या पुरवठा खात्याकडे आहे. परदेशातल्या तळांसाठीची तयारी काही महिने आधीच सुरू होते. आणि सैनिक तिकडे आहेत, तुम्ही पम्पकिन पाय कसा गिळता, असं इथे मला तरी कुणी विचारलेलं नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. अण्णांचं उत्तर लगेच: "आपल्याकडे बडाखाना असतो. अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात. तू विसरलास."

विसरेन कसा? माझे मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. बेळगावच्या बडाखान्यातल्या मटणाचं वर्णन ते सुट्टीवर आले की दर वेळी नव्याने करायचे. मग फोटोखाली बडाखान्याबद्दल दोन ओळी का नसतात? त्या बर्फातल्या माणसाला आज काय वाढलं, कुणी वाढलं, हे शोधायला कष्ट पडतात. शेजाऱ्याला लाजवायला पडत नाहीत.

इथल्याही काही गोष्टी मी ग्रुपवर घातल्या नाहीत. लहान हुद्द्यावरच्या सैनिकांची कुटुंबं फूड पँट्रीच्या, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्राच्या, रांगेत दिसतात, हे त्यातलंच. अण्णांच्या हाती आयतं कोलीत कशाला द्या? जेवणाआधी चॅप्लनने, म्हणजे लष्करातल्या धर्मगुरूने, प्रार्थना म्हटली तेव्हा माझ्या तोंडी शाळेतला श्लोक आला आणि समोर कर्नल उभे म्हणून मी तो गिळला, हेही सांगितलं नाही.

शेवटी अण्णांनी मनातलं विचारलंच. "उद्या काही झालं, तर तुझा पोरगा कुणाकडून?" त्यावर ग्रुपवर कुणीही काही लिहिलं नाही, हात जोडलेला इमोजीसुद्धा नाही. बायको म्हणाली, सोड तो ग्रुप. सोडवत नाही. ग्रुप सोडला की गणपतीचे फोटोही बंद.

खरं तर उत्तर मी केव्हाच देऊन बसलोय, पोराने भरतीच्या कागदावर सही करायच्या कितीतरी आधी. डेन्व्हरच्या एका हॉलमध्ये उजवा हात वर करून मी नागरिकत्वाची शपथ घेतली. कायद्याने वेळ आणली तर अमेरिकेच्या बाजूने शस्त्र उचलेन, असं त्या शपथेत स्पष्ट म्हटलेलं आहे. शेजारची बाई रडत होती. माझं अर्धं लक्ष पार्किंगच्या मीटरकडे होतं. पोराचं काय घेऊन बसलात, अण्णा? आधी मला विचारा.