हालअपेष्टा नेता घडवत नाहीत

थोरांच्या बालपणावर भाषण असलं की एक वाक्य ठरलेलं: गरिबीनं, अपमानानं त्यांना घडवलं. शिक्षकांनी तरी हे म्हणू नये. तेच सोसलेली असंख्य मुलं शाळेतून गळाली, त्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत.

साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. शिपायानं वरून पाणी ओतलं तर प्यायचं, तो नसला तर तहानलेलं राहायचं. हे सगळे सांगतात. पण 1907 साली ते मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं आणि पुढच्या शिक्षणाच्या मदतीसाठी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला, हे एका ओळीत उरकतात. शाळेनं उचलावं ते नेमकं हेच.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी आणि मानवी हक्कांच्या पुरस्कर्त्या एलिनॉर रूझवेल्ट यांचे आईवडील त्या दहा वर्षांच्या होण्याआधीच गेले. पुढे लंडनजवळच्या शाळेच्या प्रमुख मारी सुव्हेस्त्र त्यांना प्रवासाला नेत आणि गाड्यांच्या वेळा बघणं, तिकिटं काढणं, सामान बांधणं हे सगळं त्यांच्यावरच सोपवत. नेल्सन मंडेला वडिलांच्या पश्चात थेम्बू जमातीचे प्रमुख जोंगिंताबा यांच्याकडे वाढले. तिथल्या सभेत सगळ्यांचं बोलून झाल्याशिवाय जोंगिंताबा तोंड उघडत नसत.

आता आपला वर्ग बघा. मॉनिटर कोण? मार्कांत पहिला किंवा आवाजानं मोठा. काम काय, तर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायची. यातून नेतृत्व नाही, चुगली शिकतात.

त्याऐवजी चुकलं तर खरोखर अडेल असं काम द्या: सहलीचा हिशेब, पुस्तकांची देवघेव. चौघांचा गट, चार आठवडे, त्यात एक तरी गप्प राहणारं मूल. पहिल्या आठवड्यात करून दाखवा, दुसऱ्यात शेजारी उभे राहा, मग बाजूला व्हा. बिघडतं ते इथेच. हिशेब जुळत नाही म्हटल्यावर सर संध्याकाळी बसून स्वतःच जुळवतात. दुसऱ्या दिवशी मुलांना ते कळतं आणि पुन्हा कुणी वहीला हात लावत नाही. चूक तशीच ठेवा, पावत्या समोर ठेवा, शोधू द्या.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या अभ्यासात शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबत होते. तीन सेकंद थांबू लागल्यावर उत्तरं लांबली, एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. वाट बघताना प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारू नका, मूल पहिलाच प्रश्न सोडवत असतं.