युनिटं कोण मोजतं?

"सर्जन बाकीच्या डॉक्टरांपेक्षा जास्त वर्षं शिकतो, म्हणून जास्त कमावतो. विषय संपला," मंदारनं बसता बसताच निकाल लावला.

"संपला कसा?" नीलिमा म्हणाली. "अमेरिकेत डॉक्टर झाल्यावर स्किनवाला ४ वर्षांत तयार होतो. लहान मुलांच्या संसर्गाचा तज्ज्ञ व्हायला ६ लागतात, ३ बालरोगाची आणि पुढची ३. कमाई मात्र स्किनवाल्याचीच कितीतरी जास्त."

"रिस्क असते रे, रात्री-अपरात्री उठावं लागतं," मंदारनं बाजू बदलली.

"रिस्क वेगळी धरलेलीच आहे," सुहास म्हणाला. "१९९२ पासून तिथलं मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, डॉक्टरच्या प्रत्येक कामाला युनिटं देतं. डॉक्टरचं काम, दवाखान्याचा खर्च आणि खटल्यांच्या विम्याचा हप्ता, असे तीन भाग. त्यांची बेरीज गुणिले एका युनिटाचा ठरावीक दर. खासगी विमावालेही बरेचदा हाच तक्ता धरतात."

"दर सगळ्या शाखांना सारखाच ना? मग झालं तर!"

"दर शाखा बघून बदलत नाही, पण युनिटं कोण मोजतं? डॉक्टरांचीच समिती शिफारस करते, आणि ते काम करणाऱ्यांनाच विचारते, किती मिनिटं लागतात. मोतीबिंदू घे. फेको, म्हणजे अल्ट्रासाउंडनं मोतीबिंदू फोडून काढायचं तंत्र आलं, हात बसला, ऑपरेशन झटपट व्हायला लागलं. तक्त्यात मात्र डॉक्टरच्या कामाचे आकडे उशिरा उतरले, २०१९ मध्येही ८.५२ होते. २०२० मध्ये ते ७.३५ झाले."

"त्यात पुढच्या ९० दिवसांच्या तपासण्याही धरलेल्या असतात. ते सांग की," मंदारनं बरोबर पकडलं.

"मान्य. पण ओपीडीतला जुना पेशंट बघ. शुगर, बीपी, गुडघा, वर झोप नाही. त्या नेहमीच्या व्हिजिटला २०२० पर्यंत ०.९७ होते, २०२१ ला १.३० केले. तिथे यंत्र आलं म्हणून बोलणं निम्म्या वेळात उरकत नाही."

"वाढवले ना शेवटी!"

"वाढवले, पण त्यामुळे एकूण खर्च वाढू द्यायचा नाही असा कायदाच आहे. म्हणून दर ३६.०९ डॉलरवरून ३४.८९ वर आला. ओपीडी न करणाऱ्या रेडिऑलॉजिस्टला उगाच फटका." सुहास हसला. "भूलवाल्यांचं गणित निराळंच. ठरावीक युनिटं, वर दर १५ मिनिटांना एक. सर्जन रेंगाळला की ह्यांचं मीटर चालू!"

"मग सगळ्यांना सरळ पगार द्या."

"ब्रिटनमध्ये देतात," नीलिमा म्हणाली. "सरकारी सेवेतल्या कन्सल्टंटचा, म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टरचा, मूळ पगार शाखा बघून ठरत नाही. तरी फरक पडतोच, बाहेरच्या प्रॅक्टिसमुळे. गुडघा बदलायचा पेशंट रांग चुकवायला खिशातून पैसे देतो. भ्रमात असलेल्या ज्या माणसाला घरच्यांनी धरून वॉर्डात आणलंय, तो मानसोपचारतज्ज्ञाला कुठून देणार?"

"त्याचे घरचे देतील," मंदार म्हणाला.

"किती वर्षं?"