नेमणूक आणि निवडणूक यांत गल्लत नको

कॅलिफोर्नियात नागरिक नसलेल्यांनाही सरकारी समित्यांवर नेमता येतं, त्यावरच्या एका लेखात 'परदेशी लोकांच्या हाती कारभार' असं म्हटलंय, पण तिथला कायदा तेवढा मोठा नाही. एसबी २२५ (२०१९) हा राज्याचा कायदा फक्त नेमणुकीच्या पदांबद्दल आहे: १८ वर्षं पूर्ण झालेला राज्याचा रहिवासी, नागरिकत्व असो वा नसो, नेमला जाऊ शकतो. नगरपरिषदेवर निवडून येण्यासाठी नागरिकत्व लागतंच. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्वतःच्या चार्टरमध्ये (शहराच्या मूळ नियमावलीत) नेमणुकीसाठी मतदार असण्याची अट होती, ती काढायला नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांना प्रपोझिशन सी हा प्रस्ताव मंजूर करावा लागला. म्हणून आधी आपल्या शहराचा चार्टर वाचा.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मराठी मंडळींना खरा धोका नेमणुकीच्या अर्जात आहे. काही शहरांच्या जुन्या फॉर्मवर 'मी नोंदणीकृत मतदार आहे' असा चौकोन अजून असू शकतो. घाईत तिथे खूण करू नका! नागरिकत्वाचा खोटा दावा ठरला तर हद्दपारी होऊ शकते आणि ग्रीन कार्डची वाट कायमची बंद होऊ शकते. चौकोन मोकळा ठेवा, सिटी क्लार्कला (शहराच्या नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) लेखी विचारा.

मानधनाचंही तसंच. एच-१बीची कामाची परवानगी त्या मालकापुरती असते, त्यामुळे बैठकीचा भत्ता घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. नाकारायचा असेल तर लेखी नाकारा. नियोजन आयोगासारख्या ठिकाणी पद स्वीकारल्यापासून ३० दिवसांत फॉर्म ७००, म्हणजे आपले आर्थिक हितसंबंध जाहीर करण्याचा फॉर्म, भरावा लागतो. पुण्यातला फ्लॅट त्यात येत नाही, शहरातलं भाड्याने दिलेलं घर येतं.

राहिला निष्ठेचा प्रश्न: शपथ राज्यघटनेच्या रक्षणाची असते, ती सगळ्यांना सारखीच.