भावी आमदारांनो, सांगोल्याच्या चुका टाळा

चौकात तुमचा ‘भावी आमदार’ असा फ्लेक्स लागला की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे काय करू नये ते शिकणं. त्यासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याइतकी चांगली शाळा नाही. गणपतराव देशमुख तिथून ११ वेळा विधानसभेवर निवडून गेले. आमदारकी कशी करू नये याचा एवढा लांबलचक नमुना महाराष्ट्रात दुसरा मिळायचा नाही.

पहिली चूक पक्षाची. १९६२ साली शेतकरी कामगार पक्षाचा, म्हणजे शेकापचा, लाल बावटा घेऊन ते निवडून आले आणि २०१४ची शेवटची निवडणूकही त्यांनी त्याच बावट्याखाली जिंकली. मधल्या काळात काँग्रेस फुटली, पुन्हा फुटली, जनता पक्ष आला आणि गेला, राष्ट्रवादी जन्मली. गडी जागचा हलला नाही. मंत्रीपद मिळालं ते दोनदाच, १९७८ला शरद पवारांच्या पुलोद आघाडीच्या सरकारात आणि १९९९ला विलासरावांच्या. ११ टर्ममध्ये दोनदा! व्यवहार कसा झाला ते तुम्हीच पाहा.

म्हणून फ्लेक्स छापताना फोटो मोठा घ्या आणि चिन्ह वेगळं चिकटवता येईल असं कोपऱ्यात ठेवा. पक्षांतरबंदी १९८५पासून आहे, पण तिला घाबरायचं कारण नाही. पूर्वी एक तृतीयांश आमदार फुटले तरी भागायचं. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीनं ती सोय काढून घेतली आणि आता दोन तृतीयांश घेऊन दुसऱ्या पक्षात विलीन व्हावं लागतं. ते जमत नसेल तर ‘आम्ही फुटलोच नाही, मूळ पक्ष आम्हीच’ ही वाट मोकळी आहे. जून २०२२मध्ये सुरतमार्गे गुवाहाटीला गेलेल्या शिवसेना आमदारांच्या प्रकरणाचा निकाल विधानसभा अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ला दिला. दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. एवढ्या वेळात बंगला रंगवून, पडदे बदलून होतात. फक्त रांगेत पुढे राहा. त्याच ९१व्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळावर १५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, म्हणजे २८८च्या सभागृहात मुख्यमंत्री धरून ४३. चव्वेचाळिसाव्याची समजूत महामंडळावर काढतात.

सांगोल्याचं नाव राज्यात घराघरांत गेलं तेही गुवाहाटीमुळेच. तेव्हाचे तिथले आमदार शहाजीबापू पाटील यांनी फोनवर ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ म्हटलं आणि लहान पोरंसुद्धा ते म्हणू लागली. अर्ध्या शतकाच्या भाषणांना जे जमलं नाही ते एका फोननं केलं. तुम्हीही एखादं वाक्य तयार ठेवा.

दुसरी चूक, हरणं. १९७२ला गणपतराव पडले आणि १९७४च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ला शहाजीबापूंनी, तेव्हा काँग्रेसकडून, त्यांना १९२ मतांनी पाडलं. १९२ म्हणजे एक वाडी. एक जेवणावळ कमी पडली, दुसरं काय! पडल्यावरही त्यांनी पक्ष बदलला नाही, हा हट्ट तर अक्षम्यच.

तुम्ही जेवणावळी घाला, पण हिशेबात बसवून. विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे. अर्ज भरण्याआधी स्वतंत्र बँक खातं उघडा. चहा, वडापाव, खुर्ची, मांडव यांचं दरपत्रक निवडणूक कार्यालय काढतं. ते तोंडपाठ करा, कारण तुमची वही आणि निरीक्षकांची छाया नोंदवही, म्हणजे तुमच्या खर्चाची त्यांनी ठेवलेली समांतर नोंद, प्रचारकाळात तीनदा ताडून पाहतात. गर्दी दहा हजारांची आणि वहीत खुर्च्या चारशे, इथंच बहुतेक नवखे सापडतात. लोक उभे होते असं सांगा. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. न दिल्यास आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. इतक्या स्वस्त कारणानं घरी बसणं तुम्हाला शोभणार नाही.

उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्राचा नमुना २६ मात्र जिवापाड जपा. त्यात एकही रकाना कोरा सोडायचा नाही. जिथं काही नाही तिथं ‘निरंक’ लिहायचं. स्वतःचं, पत्नीचं आणि अवलंबितांचं पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न त्यात येतं. पाच वर्षांत वाढ जरा जास्त दिसत असेल तर शेतीकडे वळवा, मग पाऊस पडो न पडो. गुन्हे असतील तर ते प्रचारकाळात तीनदा वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर जाहीर करावे लागतात. असा उमेदवार का निवडला याचं कारण पक्षालाही द्यावं लागतं. २०२०च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं बजावलंय की नुसती ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण चालणार नाही. तेव्हा ‘तळमळीचे कार्यकर्ते’ लिहा. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचला पाहिजे. तो हातात पडेपर्यंत दुसऱ्या पक्षाशी बोलणी तोडू नका.

आता धोरण. गणपतरावांची इथली चूक सगळ्यात मोठी, कारण त्यांनी पाण्यात हात घातला. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीत १३ दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरवायची, कऱ्हाडजवळून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं चढवणाऱ्या टेंभू योजनेचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करायचा, रोजगार हमीसाठी भांडायचं. ज्या तालुक्यात कापूस फारसा पिकत नाही तिथं सहकारी सूतगिरणी काढायची आणि वर ती चालवूनही दाखवायची! अशा कामांचं दुखणं एकच. पाणी पोचेपर्यंत तीन सरकारं बदलतात आणि नारळ भलताच फोडतो. वीजबिल थकलं की पंप बंद, आणि शिव्या तुम्हाला.

तुमच्याकडे आमदार निधी आहे, वर्षाला ५ कोटी. त्यात पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, सभामंडप, कमान, ओपन जिम येतं. शिफारसपत्र द्यायचं, अंदाजपत्रक करून घ्यायचं, जिल्हा नियोजनकडून प्रशासकीय मान्यता आणायची आणि कामाचे असे तुकडे पाडायचे की प्रत्येक तुकडा ई-निविदेच्या मर्यादेखाली बसेल. ब्लॉकखालचा मुरूम दाबू नका. पहिल्या पावसात ते खचले की पुढच्या वर्षी दुरुस्तीचं भूमिपूजन आपोआप मिळतं. कालव्यावर फलक टिकत नाही. कमानीवर तुमचं नाव दोन्ही बाजूंनी येतं.

एक गोष्ट त्यांच्याकडून उचलण्यासारखी आहे. २०१९ला वयामुळे ते थांबले तेव्हा उमेदवारी नातवाला गेली. तो ७६८ मतांनी पडला, शहाजीबापूंकडूनच, फक्त या वेळी शिवसेनेच्या चिन्हावर. २०२४ला दुसरे नातू बाबासाहेब २५ हजारांहून जास्त मतांनी निवडून आले, तेही शेकापकडूनच. घरात तेवढा हट्ट उरला आहे असं दिसतं. तुम्ही घराणं घ्या, हट्ट घेऊ नका.

राहता राहिला प्रवास. गणपतराव एसटीनं फिरायचे. एसटीत विधिमंडळ सदस्यांसाठी जागा राखीव असते, तसं आसनाजवळ लिहिलेलंही असतं. तुम्ही तिकडे फिरकू नका. त्या जागेवर बहुधा कुणाची तरी दुधाची किटली असते, तिला उगाच मांडीवर घ्यावं लागेल.