कस्टमच्या टेबलावरची चित्रं

फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि अकबर पदमसी या भारतीय चित्रकारांची सात चित्रं मुंबईच्या कस्टमने २०२३ साली अश्लील म्हणून अडकवली. ऑक्टोबर २०२४मध्ये उच्च न्यायालयाने ती सोडायला लावली. तेव्हा घरच्यांशी फोनवर बोलताना एकच सूर ऐकू आला : ‘तुमच्याकडे सगळं चालतं, आपल्याकडे नाही.’ मी टोरांटोत राहतो. इथेही सगळं चालत नव्हतं. १९६५ साली कॅनडाच्या कस्टमने अँडी वॉरहॉल या अमेरिकी कलाकाराची ‘ब्रिलो’ खोकी (दुकानातल्या खोक्यांची हुबेहूब नक्कल) शिल्प मानायला नकार दिला आणि साधा माल म्हणून जकात मागितली. राष्ट्रीय कलादालनाच्या संचालकांनीही कस्टमचीच री ओढली!

याच खोक्यांनी आर्थर डान्टो या अमेरिकी तत्त्वज्ञाला आयुष्यभराचा प्रश्न दिला. डान्टो डेट्रॉइटमध्ये वाढले, स्वतः लाकडी ठशांची चित्रं करायचे आणि कोलंबिया विद्यापीठात शिकवायचे. १९६४ साली न्यूयॉर्कच्या स्टेबल गॅलरीत त्यांनी ही खोकी पाहिली. भांडी घासायच्या ब्रिलोचे पुठ्ठ्याचे खोके दुकानाच्या गोदामात रचतात, तशीच रचलेली. फक्त ही प्लायवूडची, रंगवून वर लाल-निळी अक्षरं छापलेली. (दुकानातल्या मूळ खोक्याची रचना करणारा जेम्स हार्वीही चित्रकारच होता.) मग हे कला आणि ते नाही, असं का? डान्टोंनी त्याच वर्षी ‘द आर्टवर्ल्ड’ या निबंधात उत्तर दिलं : तो फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी कलेचा इतिहास आणि त्यामागचा विचार ठाऊक असावा लागतो.

मला हे शंभर टक्के पटतं. उघडं अंग दिसलं की शिक्का मारणारा अधिकारी फक्त डोळ्यांवर विसंबतो. ‘परदेशात लिलावात विकलं गेलं, म्हणजे कलाच’ म्हणणारेही चित्राकडे कुठे बघतात? ते किंमत बघतात.

डान्टो १९८४पासून पंचवीस वर्षं ‘द नेशन’ या अमेरिकी साप्ताहिकात सामान्य वाचकांसाठी प्रदर्शनांवर लिहीत होते. हे काम आपल्याकडे फार थोडे करतात. मराठी वर्तमानपत्रांत प्रदर्शनाच्या उद्घाटनाची बातमी येते, लिलावातली बोली येते. रेषेबद्दल, रंगाबद्दल चार परिच्छेद क्वचितच. सूझा गोव्यातल्या साळगावचे, डान्टोंच्याच वर्षी, १९२४ साली जन्मलेले, पुढे न्यूयॉर्कलाच स्थायिक झालेले. आपल्या कितीतरी वाचकांना त्यांचं नाव पहिल्यांदा कळलं ते कोर्टाच्या बातमीतून, याचं मला फार वाईट वाटतं.