ओठ हलतात तुमचे

२२ रुपयांची पावती अजून माझ्या पर्समध्ये आहे. दिवाळी अंक ११ दिवस जास्त ठेवल्याचा दंड, दिवसाला दोन रुपये. दंडाबद्दल माझं काही म्हणणं नाही. उशीर झाला, पैसे भरले, विषय संपला. म्हणजे संपला असता. पण गेल्या शनिवारी त्या रांगेत माझ्या मागे काका उभे होते.

काकांचं नाव मला माहीत नाही, पण डोंबिवलीतल्या आमच्या वाचनालयात जो कोणी पुस्तक बदलायला येतो त्याला काका माहीत असतात. बँकेतून निवृत्त झालेले, हातात साडीच्या दुकानाची कापडी पिशवी आणि खिशात लांबट हिशेबाची वही. वहीत आजवर वाचलेल्या सगळ्याची नोंद: क्रमांक, तारीख, पानं आणि शेवटच्या रकान्यात लागलेला वेळ. कसं वाटलं, याला रकाना नाही.

"११ दिवस?" काउंटरवरची मुलगी पावती फाडत होती तेवढ्यात काकांनी मान पुढे काढली. "आजारी होतात का?"

"नाही."

"गावाला गेला होतात?"

"नाही हो. वाचत होते."

"वाचत होतात," काका म्हणाले. मग थांबून, "एकच अंक?"

मी हसून सोडून दिलं. काकांनी वही उघडली. "दिवाळी अंकांची योजना दिवाळीला सुरू होते, मार्चअखेर बंद. आजचा धरून माझे ११२ झाले. तुमचे?"

"असतील दहाएक," मी म्हणाले.

"चार, ताई," काउंटरवरची मुलगी म्हणाली. माझं कार्ड तिच्यासमोर उघडं होतं. ती ग्रंथालयशास्त्राचा कोर्स करतेय आणि नोंदीत चूक तिला खपत नाही.

रांगेत आता सहा जण झाले होते. सहाही जणांना आकडा कळला.

इथे खरं तर मी निघून यायला हवं होतं. पण मला पुढचा अंक हवा होता, आणि चांगले अंक काउंटरवरच्या ढिगात असतात, आणि ढीग काकांच्या कोपराखाली होता. काकांनी मला दिवाळी अंकांचा इतिहास सांगितला. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, आता वर्षाला शेकड्यांनी निघतात, आणि तुम्ही चार वाचता. म्हणजे मित्रांनी तो खटाटोप केला आणि मी एकटीने त्यावर पाणी फिरवलं. मग ते भिंतीकडे वळले. तिथे 'वाचाल तर वाचाल' ही पाटी आहे, आणि तिच्या शेजारी त्या मुलीने हौसेने रंगनाथन यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लावलेत, १९३१ चे.

"चौथा वाचा."

"वाचकाचा वेळ वाचवा," मी वाचलं.

"बघा!"

आता तो नियम वाचनालयाने पुस्तक चटकन शोधून द्यावं, वाचकाला ताटकळत ठेवू नये यासाठी आहे. तसं त्या मुलीने अगदी हळू आवाजात सांगितलंसुद्धा. पण काकांच्या हिशेबी रंगनाथन सरळ माझ्याशी बोलत होते. रंगनाथन आधी गणित शिकवायचे म्हणे. असेल.

"तुमचा वेग किती आहे?" काकांनी विचारलं.

"कशाचा?"

"वाचनाचा. मिनिटाला शब्द. साधारण माणूस दोन-अडीचशे वाचतो. तो अमेरिकेचा अध्यक्ष केनेडी बाराशे वाचायचा म्हणतात. तुमचा काढला नाहीत कधी?" आणि मला काही कळायच्या आत त्यांनी आपला परत करायचा अंक उघडून माझ्यासमोर ठेवला, मनगट पुढे केलं आणि घड्याळाकडे बघत म्हणाले, "हं. करा सुरू."

मी सुरू केलं. अजूनही रात्री दिवा मालवल्यावर मला हे आठवतं. वय वर्षं ४६, स्वतःचं पॅन कार्ड असलेली बाई, आणि मी सुरू केलं! कुठल्याशा कथेतली म्हातारी गॅलरीत तुरीची डाळ वाळत घालत होती. मला वाटलं, ही डाळ आत्ता का घालतेय, पाऊस नुकताच थांबलाय की. म्हणून मागचं वाक्य पुन्हा वाचलं.

"थांबा," काका म्हणाले. "मागे गेलात. डोळे मागे गेले तुमचे. आणि दुसरं म्हणजे—" इथे ते रांगेकडे वळले, म्हणजे सगळ्यांना लाभ व्हावा असे, "ओठ हलतात तुमचे."

मागच्या दोन बायका माझ्या ओठांकडे बघायला लागल्या. मी ओठ मिटले. मिटलेल्या ओठांनी माणूस किती अपराधी दिसतो हे आरशात बघून यावं.

"लहान मुलांचे हलतात," काका दिलासा देत म्हणाले. "प्रयत्नाने जातं."

हे फक्त काकांचं नाही. आमच्या शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर ३१ डिसेंबरला याद्या येतात. 'या वर्षी फक्त ८४च झाली गं, आईच्या आजारपणामुळे.' त्या 'फक्त'ला आणि त्या 'च'ला मी काय करू? शिवाय खाली बुकमार्क, कॉफीचा मग आणि मांजर यांचा फोटो. माझी सात झाली होती, आणि मांजर नाही. त्या ८४ पैकी एकातलं तरी काही सांग म्हटलं तर उत्तर येतं, "छान आहे, नक्की वाच." अगं, नक्की वाचेन, पण आहे काय त्यात? मी विचारणं सोडून दिलंय. सकाळच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धी टेकून मी घाटकोपरपर्यंत तीन पानं वाचते, त्यातलं एक पुन्हा वाचते, आणि यात मला चूक काही वाटत नव्हती. आता त्या सीटवरसुद्धा ओठांवर रुमाल धरून बसते. शेजारच्या बाईने परवा विचारलं, सर्दी झाली का.

माझी आजी रोज सकाळी आंघोळ करून ज्ञानेश्वरीच्या २५ ओव्या वाचायची. नऊ हजारांवर ओव्या, म्हणजे वर्ष लागायचं. संपली की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलीपासून. अशी निदान वीस वर्षं. काकांच्या वहीत तिची नोंद कशी झाली असती? पुस्तक एक, वेळ वीस वर्षं. आणि तिचे ओठ तर हलायचेच, आवाजही यायचा. आम्ही नातवंडं त्या आवाजाने उठायचो. तिला कोणी म्हटलं नाही की आजी, प्रयत्नाने जातं.

असो. त्या दिवशी मी काकांनी परत केलेलाच अंक घेतला, डाळीचं काय झालं ते बघायला. शेवटच्या पानावर पेन्सिलीने बारीक टिक आणि ११२. (वाचनालयाच्या पुस्तकांत पेन्सिल चालवणाऱ्यांबद्दल एकदा स्वतंत्र लिहायचंय. आमच्याकडे एक जण समासात नुसतं 'छे!' लिहितो. एका कादंबरीत मी १९ 'छे!' मोजले, आणि तरी शेवटपर्यंत वाचलीय त्या माणसाने.)

डाळ भिजली. कथा चांगली होती. बुधवारी पुढे गेले तर कविता विभागात पानं उलटेनात. दोन पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली, छपाईनंतरच्या छाटणीतून सुटलेली. आत फुंकर मारली तर आतली दोन पानं दिसत होती, पण नुसती दिसत होती. टिकवाला क्रमांक ११२ त्या घडीला हात न लावता पार झाला होता.

मला झालेला आनंद मी लपवणार नाही. मुलाची स्टीलची पट्टी आणली, घडीत सरकवली आणि सावकाश ओढली. टर्रर्र असा आवाज झाला आणि ओट्यावर कागदाचा बारीक भुसा पडला. आत चार कविता होत्या. त्या अंकातल्या त्या कविता उघडणारी मी पहिली. मी मोठ्याने वाचल्या. आतून नवऱ्याने विचारलं, "कोणाशी बोलतेयस?"

काल मुद्दाम काकांच्या वेळेला गेले. अंक उघडून कापलेली कड त्यांच्या चष्म्यासमोर धरली. "काका, ही पानं जोडलेली होती. मी कापली. तुमची तर टिक आहे."

काकांनी चष्मा वर करून कड पाहिली, मग पान पाहिलं. चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही.

"कविता ना?" ते म्हणाले. "कविता मी धरत नाही. ओळी अर्ध्याच असतात, सरासरी उगाच फुगते. बरं दिसत नाही ते." आणि वही काढली. "१२१. तुमचा हा झाला का?"

"नाही. अजून कवितांवरच आहे."

मी तो काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, मुदत वाढवून दे. ती मुलगी म्हणाली, "दिवाळी अंकाची मुदत वाढत नाही, ताई. दिवसाला दोन रुपये."

मी पाच दिवसांचे दहा आधीच भरून टाकले.