'जिगोकू'चा पहिला तास पळवू नका राव

दिग्दर्शक नोबुओ नाकागावाच्या १९६० च्या 'जिगोकू' (म्हणजे नरक) या जपानी भयपटाबद्दल सध्या एकच सल्ला फिरतोय: पहिला तास बोअर आहे, पळवा, शेवटची ४० मिनिटं नरक आहे तेवढा बघा, नुसता रक्तपात, आणि तो हिरो शिरो तर बिचारा निर्दोष. (पुढे सगळी स्टोरी फुटणारे, आधीच सांगतो.)

आधी निर्दोषचं बघू. गाडी शिरोचा मित्र तामुरा चालवत होता, मान्य, दारू प्यायलेला माणूस चाकाखाली गेल्यावर थांबला नाही तोही तामुराच. पण त्या आडरस्त्याला गाडी वळव म्हणालं कोण? शिरो! थांबूया म्हणतो पण उतरत नाही, मग पोलिसांकडे जायचं ठरवतो तेव्हा युकिको, म्हणजे त्याची होणारी बायको, चालत जाऊया म्हणते आणि हा हट्टाने टॅक्सी करतो, टॅक्सी आदळते, ती जाते. यातल्या एकाही गोष्टीला कलम लागत नाही, पण म्हणून माणसाला झोप लागते का? सिनेमा या टोचणीवर उभाय आणि ती सगळी त्या 'बोअर' तासातच आहे.

शिवाय नरकात नवीन माणसं येतच नाहीत हो. शिरोच्या बापाचा वृद्धाश्रम आठवा, आजारी बायको मरायला टेकलीय आणि हा त्याच घरात रखेल घेऊन राहतोय, म्हाताऱ्यांना स्वस्तातले खराब मासे खायला घालतोय. हीच मंडळी पुढे करवतीखाली येतात. तास पळवलात तर कोण का सोलला जातोय कळणारच नाही, मग रक्तपातच दिसणार ना.

आणि 'जपानी लोकांचं काहीतरी विचित्र' म्हणणाऱ्यांनो, तिथे न्याय करायला बसलेला एन्मा म्हणजे आपला यमच, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे गेलेला. मेल्यावर ओलांडायची ती सान्झू नदी बघून वैतरणी आठवली नाही तर नवल. आजीने गरुडपुराण सांगून घाबरवलं असेल तर अर्धा नरक ओळखीचा वाटेल.

सेट स्वस्तातले वाटतात हे खरंय, सिनेमा काढणारी शिंतोहो कंपनी डबघाईलाच आली होती, १९६१ मध्ये बुडाली. पण बहुतेक ठिकाणी मागे फक्त काळोख ठेवलाय आणि मला तरी तोच जास्त अंगावर आला.

शेवटाला तान्ही हारुमी मोठ्या चाकावर रडतेय, शिरो-युकिकोची जन्मालाच न आलेली पोर, आणि शिरो हात लांबवतोय. पोचला की नाही ते नाकागावा दाखवतच नाही.